निरोप्याची तब्येत

ढगात काही नसतं. हे मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, पण मला विचारतो कोण.

आमच्या इस्पितळाच्या तळमजल्यावर एक खोली होती. दोन उंच कपाटांत सगळ्या इस्पितळाचे कॉम्प्युटर, शेजारी बॅटऱ्यांची रांग, वर थंड हवेचं यंत्र. त्या खोलीचा मी राखणदार. बॅटऱ्या तपासायच्या, हवेच्या जाळ्या धुवायच्या, दिवे हिरवे आहेत ना ते बघायचं. माझी बायको वरच्या मजल्यावर बसून प्रोग्रॅम लिहायची आणि ते माझ्या खोलीत राहायचे. ती म्हणायची, "मी जन्माला घालते, तुम्ही सांभाळा. बाहेरच्या जगात उलटं असतं, पण असू दे."

ती गेली, त्याला अजून वर्ष झालेलं नाही. तिच्यामागून खोलीही गेली. सगळं क्लाउडवर न्यायचं ठरलं. कपाटं भंगारवाल्यानं उचलून नेली आणि उरलेल्या आम्हा लोकांना शहाणं करायला बाहेरून एक माणूस आला. त्याचं नाव घ्यायची मला गरज वाटत नाही. मी त्याला ढगोबा म्हणतो.

ढगोबा तरुण होता, पण तरुणपणाचं काही त्याच्या अंगावर नव्हतं. बोलताना दोन्ही हातांनी हवेत चौकोन काढायचा. जिथे तिथे चौकोन. वर्गात आम्ही मोजकीच माणसं होतो. त्यांतल्या रोखपालबाई निवृत्तीला आलेल्या, जिभेनं तिखट.

"क्लाउड म्हणजे काय?" ढगोबानं विचारलं आणि उत्तरही स्वतःच दिलं. "कॉम्प्युटर तुमच्याकडे ठेवायचा नाही. तो लांब कुठेतरी, एका प्रचंड मोठ्या इमारतीत. तुम्ही फक्त वापरायचा. लागेल तेवढा घ्यायचा, नको झाला की सोडायचा."

"म्हणजे भाड्यानं," रोखपालबाई म्हणाल्या.

"तसं म्हणा हवं तर."

"आपलं सामान दुसऱ्याच्या माळ्यावर."

"माळा फार भक्कम आहे, मावशी."

"मावशी कोणाला म्हणतोस रे? आणि शिडी कोणाची? त्याचीच ना?"

ढगोबा हसला. त्याला वाटलं, म्हातारीनं विनोद केला.

तेव्हाच मी म्हणालो, "म्हणजे ढगात काही नसतं. जमिनीवरच असतं. फक्त आपल्या जमिनीवर नसतं."

"काका, अगदी बरोबर," तो म्हणाला, आणि लहान पोरानं 'क' काढल्यावर म्हणतात तसं म्हणाला.

दुसऱ्या दिवशी डेव्हऑप्स आलं. त्याचं सार असं. पूर्वी प्रोग्रॅम लिहिणारा एक असायचा आणि चालवणारा दुसरा. दोघांची तोंडं दोन दिशांना. लिहिणारा म्हणायचा, माझ्याकडे चालत होतं, चालवणारा म्हणायचा, माझ्याकडे बंद पडलं. आता दोघांनी मिळून काम करायचं, एकमेकांशी बोलायचं, छोटे छोटे बदल करायचे, आणि जे काम पुन्हा पुन्हा करावं लागतं ते यंत्रावर सोपवायचं. जगात हा नवा विचार निघालाय म्हणे. आमच्या घरात तो लग्नापासून होता. लिहिणारी आणि चालवणारा एकाच ताटाला बसायचे आणि आमटी वाढताना भांडण मिटवायचे. पण त्याला कोणी इंग्रजी नाव ठेवलं नाही, म्हणून तो विचार नव्हता.

मग ढगोबा पहारेकऱ्यावर आला. "प्रत्येक प्रोग्रॅम आपण एका डब्यात घालतो. डब्यावर पहारेकरी बसवतो. पहारेकरी म्हणजेही एक प्रोग्रॅमच. तो डब्याला सारखा विचारतो, ठीक आहेस का? डबा म्हणतो, ठीक. उत्तर आलं नाही, तर पहारेकरी काय करतो?"

"डॉक्टरला बोलावतो," रोखपालबाई म्हणाल्या. इस्पितळात आयुष्य गेलेलं, दुसरं काय म्हणणार.

"नाही!" ढगोबाला फार आनंद झाला. "उपचार करत बसायचंच नाही. मारून टाकायचा आणि तसाच नवा उभा करायचा. जुन्यात जीव अडकवायचा नाही, हा पहिला धडा."

हे तो आमच्या इस्पितळात, आमच्याच सभागृहात बोलत होता. भिंतीपलीकडे डायलिसिसचा वॉर्ड. मी त्याच्या तोंडाकडे बघत राहिलो. त्यात वाईट हेतू नव्हता. वाईट हेतूला निदान थोडी अक्कल लागते.

आता निरोप्याबद्दल सांगतो, कारण भांडण त्याचंच होतं.

निरोप्या हा माझ्या बायकोचा प्रोग्रॅम. डायलिसिसच्या रोग्यांना ठरलेल्या दिवशी यावं लागतं, चुकवून चालत नाही. कोणी कुठल्या खुर्चीवर, कोणाला न्यायला व्हॅन जाणार, हे सगळं निरोप्या आदल्या संध्याकाळी प्रत्येकाच्या फोनवर कळवायचा आणि सकाळी व्हॅनवाल्याला घरांचा क्रम द्यायचा. ती होती तोवर आणि ती गेल्यावरही, माझ्या खोलीत तो कधी अडखळला नाही. ढगोबानं उचलून डब्यात घातल्यापासून तो मरायला लागला. सारखा. उठायचा, यादी वरून वाचायला घ्यायचा, पाचसहा निरोप पाठवायचा आणि मरायचा. नवा उठायचा, पुन्हा वरून यादी. परिणाम असा की यादीत पहिले असलेले एक आजोबा निरोपांनी वैतागून गेले आणि खालच्यांना एकही मिळेना. आजोबा वॉर्डात येऊन ओरडले, "येतो म्हटलं ना! पाय धरू का आता?"

ढगोबानं निकाल दिला. "कोड जुना आहे. सडलाय. लिहिणाऱ्या बाईंना आधुनिक पद्धती माहीत नसाव्यात." नाचता येईना अंगण वाकडं, हे त्याच्या आईनं त्याला शिकवलं नसावं. त्याच्या कंपनीकडे तयार प्रोग्रॅम होता, तो घ्यावा असं त्याचं म्हणणं. इस्पितळाचा कारभार बघणाऱ्या मोठ्या बाई म्हणाल्या, वर्गाच्या शेवटच्या दिवशी मी स्वतः येऊन बघते. निरोप्या ठेवायचा की काढायचा, तिथेच ठरवू.

म्हणजे तिचं एवढं एक काम जगात उरलं होतं आणि ते सडकं ठरून जाणार होतं.

त्या दिवशी सकाळी लेकीनं मला दारात अडवलं. "बाबा, आज भांडू नका."

"मी कधी भांडतो?"

"तुम्ही भांडत नाही. तुम्ही असं बघता की समोरचा भांडतो."

"बरं, बघणार नाही."

"आणि आईचं नाव निघालं तर उठून जाऊ नका. बसा."

"बसतो," मी म्हणालो.

सभागृहात मोठ्या बाई पुढच्या खुर्चीत बसल्या होत्या. ढगोबानं कडक सदरा घातला होता. भिंतीवर भला मोठा पडदा, त्यावर डब्यांची यादी. प्रत्येकापुढे हिरवी खूण. फक्त निरोप्यापुढे लाल, आणि लाल खुणेशेजारी लिहिलेलं: प्रतिसाद नाही.

ते शब्द मी ओळखत होतो. बायकोच्या शेवटच्या आठवड्यात तिच्या खाटेच्या पायथ्याशी अडकवलेल्या तक्त्यावर परिचारिकेनं तेच लिहिलं होतं. परिचारिका मोठ्यानं विचारायची, ऐकू येतंय का, आणि थांबून लिहायची, प्रतिसाद नाही. खाटेवर बायको ओठ हलवत होती. मला दिसत होतं. मी सांगितलं, तर परिचारिका म्हणाली, काका, ते आपोआप हलतात. असेल. मी वाद घातला नाही.

"हे बघा, मॅडम," ढगोबा मोठ्या बाईंना सांगत होता. "इतर सगळे डबे ठणठणीत. हाच एक. मी याला चौपट जागा दिली, चौपट ताकद दिली. तरी मरतो. मूळच रोगट."

"चौपट दिलंत त्याचं भाडं कोण भरतंय?" रोखपालबाईंनी मागून विचारलं.

इतक्यात दार ढकलून व्हॅनवाला आत आला. घामाघूम, हातात फोन. "बाई, माफ करा, पण मी कुठे जाऊ सांगा! मला परत तेच आजोबा आलेत. क्रम येतो, अर्धवट तुटतो, परत पहिल्यापासून. आजोबांच्या दारात मी दोनदा हॉर्न वाजवून आलो, त्यांनी काठी उगारली. बाकीची माणसं घरी खोळंबलीत."

"थांबा जरा," मोठ्या बाई म्हणाल्या. "त्याचंच चाललंय." मग ढगोबाकडे वळून, "तो मरताना नेमकं काय होतं, ते दाखवता येईल?"

"दाखवतो की." ढगोबानं काहीतरी दाबलं. पडद्यावर काळी चौकट उघडली आणि तीत ओळी खालून वर सरकू लागल्या. पहारेकऱ्याचा प्रश्न, त्याखाली मोडकीतोडकी अक्षरं. काना एकीकडे, मात्रा दुसरीकडे, दारावरची पाटी पडून फुटावी तशी. पुन्हा प्रश्न, पुन्हा तीच अक्षरं. मग लाल ओळ: बंद केला. नवा सुरू.

"हा कचरा बघा," ढगोबा म्हणाला. "मरणारा प्रोग्रॅम असंच काहीबाही ओकतो."

व्हॅनवाला डोळे बारीक करून बघत होता. "कचरा कुठला? 'आहे हो' लिहिलंय."

"काय?"

"आहे हो. आहे हो. सारखं तेच. कोण आहे? कोणाला सांगतंय?"

लेकीला दिलेला शब्द आठवला म्हणून मी उठलो नाही.

आमच्या घराला जिना आहे. कामावरून आलो की अर्ध्या जिन्यातूनच मी हाक मारायचो, "आहेस का?" आणि वरून उत्तर यायचं, "आहे हो! जाते कुठे?" त्यात प्रेमबीम काही नव्हतं. ती चिडायची. म्हणायची, कुलूप दिसत नाही, दिवा दिसतोय, कुकरची शिट्टी ऐकू येतेय, तरी हा माणूस रोज विचारतो आहेस का. सासूबाई राहायला आल्या तेव्हा त्याही म्हणाल्या, जावईबापू, एखाद्या दिवशी ती नाही म्हणेल हो. मग तिनं निरोप्या लिहिला आणि त्याच्यावर लक्ष ठेवायला माझ्या खोलीत एक पडदा लावला. त्यावर प्रश्न यायचा, आहेस का? उत्तर यायचं, आहे हो. "घ्या," ती म्हणाली होती. "आता याला विचारत बसा दिवसभर. माझी सुटका." तो पडदाही भंगारात गेला.

"तो ओकत नाहीये," मी म्हणालो. "उत्तर देतोय."

ढगोबा माझ्याकडे वळला. "काका, उत्तर असं नसतं. पहारेकरी उत्तरात ओके हा शब्द शोधतो. इंग्रजी, दोन अक्षरं. तो सापडला की डबा जिवंत. नाही सापडला की..."

तो तिथेच थांबला. हवेत काढलेला चौकोन अर्धाच राहिला.

मोठ्या बाई हुशार आहेत. त्या म्हणाल्या, "की काय? बोला."

"की पहारेकरी त्याला मेलेला समजतो," ढगोबा हळू आवाजात म्हणाला. "आणि मारतो."

"म्हणजे तो मरत नव्हता."

"तांत्रिकदृष्ट्या... नाही."

"तुम्ही मारत होतात."

"मी नाही, मॅडम. पहारेकरी."

"पहारेकरी कोणाचा?" रोखपालबाईंनी विचारलं.

व्हॅनवाल्यानं कपाळाला हात लावला. "म्हणजे तो बिचारा ओरडून सांगतोय, आहे हो, आहे हो, आणि हा त्याला गचांडी देतोय! आणि काठी मी खातोय!"

मला हसू आलं नाही, पण खोटं का सांगा, ढगोबाचा तो चेहरा बघून बरं वाटलं. फार बरं वाटलं.

तरी हा मनुष्य शहाणा होईना. "सोपं आहे," तो म्हणाला. "प्रोग्रॅममधला तो मजकूर बदलून ओके करतो. एक ओळ." त्यानं घाईनं चौकट बदलली, ती ओळ शोधली, खोडली, तिथे ओके लिहिलं. खोडलेली ओळ लाल झाली आणि नवी हिरवी. मग त्यानं एक बटण दाबलं आणि पडद्यावर सूचना आली.

"काय म्हणतंय?" मोठ्या बाईंनी विचारलं.

ढगोबानं घसा साफ केला. "कुठलाही बदल एकट्यानं करायचा नाही, असा नियम आहे. दुसऱ्यानं बघून मंजुरी द्यायची. चुका टळतात. मी परवा शिकवलं होतं."

"मग द्या मंजुरी."

"ती प्रोग्रॅमच्या मालकानंच द्यावी लागते. तोही नियम मीच घातलाय. जुन्या नोंदींवरून मालकांची नावं आपोआप भरली गेली." त्यानं पडद्याकडे पाहिलं. तिथे माझ्या बायकोचं नाव होतं. पुढे लिहिलं होतं: मंजुरीची वाट पाहत आहे.

व्हॅनवाला माझ्याकडे बघून जमिनीकडे बघायला लागला.

"मंजुरी मिळणार नाही," मी म्हणालो. "ती वारली."

"हो, काका, मला... म्हणजे माहीत होतं. मालक बदलता येतो. पण त्याला आमच्या मुख्य कचेरीत अर्ज करावा लागतो. दोनतीन दिवस."

"दोनतीन दिवस माणसं डायलिसिसशिवाय ठेवू?" मोठ्या बाई उभ्या राहिल्या. "तुमच्या नियमांत जिवंत माणसाला काही करता येईल असं काही आहे का?"

तेव्हा कुठे ढगोबाला सुचलं. निरोप्याला हात लावता येत नव्हता, पण पहारेकरी त्याचा स्वतःचा होता. पहारेकऱ्याला सांगायचं, ओके शोधू नकोस, 'आहे हो' शोध. काळ्या चौकटीतली अक्षरं उचलून त्यानं तिथे चिकटवली. आम्ही वाट पाहिली. लाल. अक्षरांबरोबर न दिसणारं काहीतरी चिकटून आलं होतं, म्हणे. हातानं टाइप करावं लागणार होतं आणि ढगोबाला मराठी टाइप करायची सवय नव्हती. इंग्रजी अक्षरं दाबायची आणि मराठी उमटेल ती खरी.

"अहे हो," मी पडद्यावर वाचलं. "चूक आहे. 'आ' मोठा."

"पुन्हा सांगा, काका."

"आहे हो."

लाल.

"आता तुम्ही दोन्ही शब्द जोडलेत. मध्ये जागा सोडा."

"काका, जरा इथे शेजारी येऊन बसता का? सावकाश सांगा. एकेक अक्षर."

मी उठलो आणि त्याच्या शेजारी बसलो. त्याच्या सदऱ्याला अत्तराचा वास होता. आयुष्यभर विचारणारा मी होतो. उत्तर द्यायचं काम माझं कधी नव्हतं. आणि आता चारचौघांत, ज्याचं तोंड बघायची इच्छा नाही अशा माणसाच्या कानाशी मी तिचं उत्तर देत होतो, तेही पोराला शुद्धलेखन घालावं तसं.

"आ," मी म्हणालो. "हे. आता जागा. हो."

"शेवटी पूर्णविराम?"

"नाही. ती द्यायची नाही."

त्यानं बटण दाबलं. काळ्या चौकटीत प्रश्न आला, त्याखाली मोडकी अक्षरं. लाल ओळ आली नाही. पुन्हा प्रश्न, पुन्हा उत्तर. मग यादीत निरोप्यापुढची खूण हिरवी झाली, आणि थोड्या वेळानं व्हॅनवाल्याच्या हातातला फोन वाजला. वाजतच राहिला.

"आला," तो म्हणाला. "अख्खा आला. आजोबा एकदाच." आणि दार उघडं टाकून पळाला.

मोठ्या बाई ढगोबाला म्हणाल्या, "निरोप्या राहील. तुमचा तयार प्रोग्रॅम तुम्ही तयारच ठेवा." मला काही म्हणाल्या नाहीत, जाताना फक्त खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला. ते ठीक झालं. बोलल्या असत्या तर मला उठावं लागलं असतं.

मग प्रमाणपत्रं वाटली. माझ्या प्रमाणपत्रावर छापलं होतं की धारकाला क्लाउड आणि डेव्हऑप्सची प्राथमिक ओळख झाली आहे. रोखपालबाईंनी त्यांचं चौपट दुमडून लाकडी टेबलाच्या डुगडुगणाऱ्या पायाखाली घातलं. टेबल डुगडुगायचं थांबलं. तेवढा उपयोग झाला.

सगळे गेले. मी तिथेच बसून होतो. ओळी वर सरकत होत्या. ढगोबा वायर गुंडाळत होता.

"काका, ती मंजुरी," तो म्हणाला. "मी अर्ज करतो. मालक म्हणून तुमचं नाव घालतो. मग तुम्ही मंजूर करा, ती ओळ ओके करून टाकू. नीट पद्धतशीर होईल."

"अर्ज करा," मी म्हणालो. "मालक मला करा."

"आणि बदल?"

"तो मी नामंजूर करीन."

त्यानं मान हलवली. समजलं म्हणून नव्हे, वाद नको म्हणून. मग पडदा बंद करायला हात पुढे केला आणि माझ्याकडे बघून थांबला. "बंद करू ना? इथे दिसला नाही तरी तो तिकडे उत्तर देत राहतो."

"माहीत आहे," मी म्हणालो. "पहिल्या दिवशी शिकवलंत."

त्यानं पडदा बंद केला. मी खुर्ची उचलून भिंतीशी लावली, कारण त्याला ते सुचणार नव्हतं.